सशाचे वजन आणि सशाची वाढ



आपल्यापैकी काही घरांत हौसेने ससे पाळले जातात. काही जण जोडधंदा म्हणून त्यांचा विचार करतात. ससे विकत घेताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “सर्वांत मोठी जात कोणती?” हा प्रश्न अपुरा आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. मोठे होणे ही एक गोष्ट आणि लवकर वाढणे ही दुसरी. हा फरक ओळखला नाही तर पैसा जातो आणि मुक्या जनावराचे हाल होतात ते वेगळेच.

प्रथम एक खुलासा. आपल्या रानात दिसणारा ससा आणि पिंजऱ्यातला ससा हे दोन वेगळे प्राणी आहेत. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. तो पकडणे वा पाळणे गुन्हा ठरतो. पाळीव ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जंगली सशापासून आला. त्या एका मूळ प्राण्यापासून माणसाने निवड करीत करीत किती प्रकार घडविले पाहा. नेदरलँड ड्वार्फ ही ठेंगणी जात पूर्ण वाढली तरी जेमतेम एक किलोची. न्यूझीलंड व्हाइट साधारण ४ ते ५ किलोची. नाव न्यूझीलंडचे, पण जात घडली अमेरिकेत. कॅलिफोर्नियन तिच्याहून थोडी हलकी. बेल्जियमकडील फ्लेमिश जायंट ६ किलोच्याही पुढे जाते. विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे, ड्वार्फचा ठेंगणेपणा जनुकातील बदलामुळे येतो. उपाशी ठेवून कोणताही ससा ड्वार्फ होत नाही, तो फक्त आजारी पडतो.

आता वाढीकडे वळू. मध्यम जातीचे पिल्लू जन्मते तेव्हा सुमारे ५० ते ६० ग्रॅमचे असते. अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात. ते दहा-बारा दिवसांनी उघडतात. मादी बहुधा दिवसातून एकदाच आणि तेही काही मिनिटेच पाजते. पहिले सुमारे तीन आठवडे सारी वाढ या दुधावर होते. चार-पाच आठवड्यांनी दूध तोडल्यावर वाढीचा खरा वेग दिसतो. चांगल्या खुराकावर न्यूझीलंड व्हाइट या वयात दिवसाला ३० ते ४० ग्रॅम वाढते आणि दहा-बारा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास येते. पुढे वेग मंदावतो, पण खाणे चालूच राहते. फ्लेमिश जायंट अखेरीस मोठी होते हे खरे. परंतु ती उशिरा वयात येते. मध्यम जातीची मादी पाच-सहा महिन्यांत प्रजननास योग्य होते, तर या थोराड जातीला आठ-नऊ महिने थांबावे लागते. तोवरचा चारा कोणाच्या खिशातून जाणार, हा हिशेब आधी करावा.

तुलना कशी करावी, याचे एक उदाहरण घेऊ. समजा, दूध तोडताना पाचव्या आठवड्यात एका जातीचे पिल्लू ७०० ग्रॅमचे आहे आणि दुसऱ्या जातीचे ९०० ग्रॅमचे. अकराव्या आठवड्यात पहिले १९६० ग्रॅम भरले, दुसरे २०४० ग्रॅम. जड कोणते? दुसरे. पण ४२ दिवसांत पहिले १२६० ग्रॅम वाढले, म्हणजे दिवसाला ३० ग्रॅम. दुसरे ११४० ग्रॅम वाढले, म्हणजे दिवसाला सुमारे २७ ग्रॅम. वेगात पहिले सरस ठरले! मग दुसरे आधीच जड का होते? कदाचित त्याला भावंडे कमी असतील. चार पिलांत वाटले जाणारे दूध आणि नऊ पिलांत वाटले जाणारे दूध सारखे कसे असेल? म्हणून वय, भावंडांची संख्या आणि खुराक सारखे असल्याखेरीज या जातीला चांगली, त्या जातीला वाईट म्हणू नये. एका पिलावरून तर मुळीच नाही.

चौथी बाब हवामानाची. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. तो कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो. तापमान ३० अंशांपुढे गेले की त्याचे खाणे कमी होते, मग वाढही घटते. अंगावर दाट केस असलेल्या थोराड सशाला हा त्रास अधिक. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेची ससेपालनाची केंद्रे कुलूजवळ गडसा येथे आणि कोडाईकनालच्या डोंगरात मन्नवनूर येथे आहेत, ती थंड हवेत. तिथले आकडे आपल्याकडच्या मे महिन्याला जसेच्या तसे लावू नयेत.

तेव्हा पालकहो, खरेदीपूर्वी विक्रेत्याला चार गोष्टी विचारा: पिलाचे नेमके वय किती, एका वेतात पिले किती होती, दूध तोडताना वजन किती होते, आणि खुराक कोणता दिला? उत्तर न देता जो केवळ मोठ्या नराकडे बोट दाखवील, त्याच्याकडून घाईने काही घेऊ नका.

आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी ससे असतील तर एक वही घाला. दर आठवड्याला ठरावीक वारी, सकाळी खाणे देण्यापूर्वी प्रत्येक पिल्लू टोपलीत ठेवून तोला. टोपलीचे वजन वजा करा आणि तारखेसह लिहा. कान धरून उचलू नका. छातीखाली आणि मागच्या पायांखाली हात देऊन उचला. सहा आठवड्यांनी ती वहीच तुम्हाला सांगेल की कोणते पिल्लू कसे वाढले. ऐकीव गोष्टीपेक्षा तिच्यावर विश्वास ठेवा.