स्वागताध्यक्षांचे भाषण : मिरज

माननीय अध्यक्षमहाराज, विद्वान प्रतिनिधी आणि मिरजकर बंधुभगिनींनो,

पटवर्धनांच्या संस्थानाची ही जुनी राजधानी आपणां सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करीत आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी येथे रुग्णालय उघडले, आणि पुढे ‘मिरजेस नेले आहे’ एवढ्या शब्दांनीच दूरदूरच्या घरांना धीर येऊ लागला. वानलेसांचे नाव वानलेसवाडीने राखले. परंतु शस्त्रांची मागणी ओसरल्यावर तंतुवाद्यांकडे वळलेल्या शिकलगार फरीदसाहेबांचे स्मरण परगावी कितीकांना असेल? त्यांच्या परंपरेतला कारागीर आजही पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा निवडतो, घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवीत जवारी लावतो, आणि ज्या गळ्यासाठी तंबोरा घडवायचा त्याची पट्टी आधी विचारून घेतो. गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावी स्थायिक झाले, यात मला तरी नवल वाटत नाही.

आपण ज्या वैयक्तिक जनुकशास्त्राचा विचार करण्यास जमला आहात, त्याची रीत मला या जवारीसारखीच भासते. हृदयविकारानंतर देतात ते क्लोपिडोग्रेल काहींच्या शरीरात जनुकभेदामुळे पुरेसे गुणकारी होत नाही. ते आधी कळले, तर औषध बदलता येते. मी पेशाने कारखानदार, तेव्हा व्यवहाराचे एकच बोलतो. अमेरिकेत २००६ साली निघालेल्या ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या कंपनीने लाळेच्या नमुन्यावरून आनुवंशिक अहवाल घरपोच दिले, २०१३ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने तिच्या आरोग्यविषयक अहवालांना हरकत घेतली, आणि २०२५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, तेव्हा सुमारे दीड कोटी गिऱ्हाइकांची माहिती लिलावाच्या मालमत्तेत आली. ज्या माहितीत भावंडांचा आणि अजून न जन्मलेल्या नातवंडांचाही वाटा आहे, ती धनकोंच्या हाती जाऊ नये, असा कायदा आम्हा उद्योजकांनीच पुढे होऊन मागितला पाहिजे.

आमच्या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ आहेत. उतरण्याच्या जागा विखुरलेल्या, मंडपात पंखे अपुरे, आणि कन्नडभाषिक पाहुण्यांसाठी दुभाषे ऐन वेळी नेमावे लागले. या तसदीबद्दल उदार मनाने क्षमा असावी. लक्ष्मी मार्केटमधील व्यापारी, औषधविक्रेते, धान्य व दूध पुरविणारे दाते, आपल्या खोल्या मोकळ्या करून देणारे डॉक्टर, स्वागतगीतासाठी तंबोरे विनामोबदला देणारे सतारमेकर गल्लीतील कारागीर आणि रात्रभर स्टेशनवर उभे राहिलेले स्वयंसेवक या सर्वांचा समिती ऋणनिर्देश करते. पहिली पंगत साडेबारास बसेल; उशिरा येणाऱ्यांची ताटे राखून ठेवण्याची ताकीद मुदपाकखान्यास दिलेली आहे. अध्यक्षमहाराजांनी आता स्थानापन्न होऊन कामकाजास आरंभ करावा, अशी विनंती करतो.