काळ्या मोहऱ्यांचा डाव
(लातूर-नांदेड भागातल्या बुद्धिबळ खेळणाऱ्या मुली आणि त्यांच्या पालकांपुढे केलेलं भाषण)



बुद्धिबळात पहिली खेळी पांढऱ्याची. म्हणून काळ्या मोहऱ्या वाट्याला आल्या की पुष्कळ जण बरोबरीवर समाधान मानतात. सिसिलियन बचाव खेळणारा मानत नाही. पांढऱ्यानं राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, तरी तो त्याची नक्कल करत नाही. वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकतो. पुढे बहुधा हे कडेचं प्यादं देऊन पांढऱ्याचं मधलं प्यादं घेतो. आता मध्यभागी काळ्याची दोन प्यादी, पांढऱ्याचं एकच. शिवाय हत्तीला वाट मोकळी. पांढऱ्याचा हल्ला येतोच, राजा संकटात सापडतो. पण तो हल्ला परतवला, तर शेवटी पुष्कळदा काळ्याचंच पारडं जड होतं.

आपल्याकडे घरात पट एक असतो आणि पहिली पाळी भावाची. म्हणून हा बचाव मुलींनी जरूर शिकावा.

१९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर वयाच्या तेराव्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, स्त्री आहे म्हणून कुणालाही राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखनं महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हंपीविरुद्धचा निर्णायक डाव सिसिलियन नव्हता, पण तो तिनं काळ्या मोहऱ्यांनीच जिंकला.

म्हणजे नियमानं दार उघडं आहे. अडतं ते उंबऱ्याशी. लातूरच्या मुलीला नांदेडला खेळायला जायचं तर सोबत कोण? शेवटची फेरी लांबली तर मुक्काम कुठे? दहावीनंतर क्लास बुडतो, त्याचं काय? मुलाला मात्र आपण एसटीत बसवून देतो.

आयोजकांना माझं सांगणं आहे : फेऱ्या वेळेवर संपवा, मुक्कामाची आणि स्वच्छ संडासाची सोय करा. मुलींना वेगळं बक्षीस जरूर द्या, पण त्या निमित्तानं त्यांना खुल्या गटाबाहेर ठेवू नका. पालकहो, चार घरांनी मिळून एकेका आईनं पाळीपाळीनं मुलींसोबत जावं. आणि पुढच्या स्पर्धेचा अर्ज भराल, तेव्हा मुलाबरोबर मुलीचंही नाव लिहा.