‘शिक्षा’ : एक शब्द, दोन अर्थ
(शिक्षक संमेलनातील भाषण)



२००१ च्या सुमारास आपल्या शाळांच्या भिंतींवर ‘सर्व शिक्षा अभियान’ ही अक्षरे उमटली. पुढे २०१८ मध्ये ती योजना ‘समग्र शिक्षा’ या योजनेत विलीन झाली. शब्द मात्र कायम राहिला. धारणीच्या बाजारात हिंदी बोलणाऱ्या पालकास तो विद्येचे आमंत्रण वाटतो; दर्यापूरच्या मराठी पालकास मात्र तो छडीची आठवण करून देतो.

वस्तुतः मूळ एकच आहे. संस्कृतात ‘शक्’ म्हणजे समर्थ असणे. या धातूस इच्छार्थक प्रत्यय लागून ‘शिक्ष्’ हे रूप सिद्ध होते. शिकणे म्हणजे समर्थ होण्याची इच्छा धरणे. सहा वेदांगांतील एकाचे नावच ‘शिक्षा’ आहे आणि त्याचा विषय शुद्ध वर्णोच्चार हा होय.

हिंदीने विद्येचा अर्थ जतन केला आणि दंडासाठी फारसीतून आलेला ‘सजा’ हा शब्द स्वीकारला. मराठीने विद्येसाठी ‘शिक्षण’ हा शब्द रूढ केला आणि ‘शिक्षा’ दंडाकडे वळविली. वळण लावणे आणि ताडन करणे यांची सांगड पूर्वी किती घट्ट होती, हे ‘धडा शिकवणे’ या वाक्प्रचारावरूनही ध्यानी येते.

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या २००९ च्या कायद्यास हिंदीत ‘शिक्षा का अधिकार’ म्हणतात. हे शब्द मराठी अर्थाने वाचल्यास ‘दंड करण्याचा हक्क’ असा विपरीत अर्थ होईल! त्याच कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस स्पष्ट मनाई केली आहे.

आपल्या वऱ्हाडातील मूल ‘शाळा’ला ‘शाया’ आणि ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणते. ती त्याच्या घरची बोली आहे. तीत अपराध कोणता? अशा मुलास हसू नये, दटावू नये. ‘ळ’चा उच्चार त्यास सावकाश ऐकवावा, पुन्हा म्हणवून घ्यावा. वेदांगाच्या अर्थाने हीच खरी शिक्षा होय, आणि ती देण्याचा अधिकार आपणांपासून कोणताही कायदा हिरावून घेत नाही.