झुरळाचें गोत्र

नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या घरांत मध्यरात्रीं दिवा लावावा, तोंच मोरीपाशीं बसलेलें झुरळ सरसर फडताळामागें नाहींसें होतें. त्याचा उपद्रव गृहिणीस पुरता ठाऊक असतो. त्याच्या नांवाची हकीकत मात्र फारशी कोणास ठाऊक नसते.

उदगीरहून बिदरकडे गेलें, कीं कानडी घरांत त्यास ‘जिरळे’ म्हणतात. ‘झुरळ’ व ‘जिरळे’ हे शब्द एकाच घराण्यांतील असावेत, हें कानासच कळतें. देगलूर-बिलोलीपलीकडे तेलुगु मुलुखांत ‘बोद्दिंक’ हा निराळा शब्द ऐकूं येतो, आणि उर्दूंत ‘लाल बेग’. १९४८ पर्यंत या चारी भाषा हैदराबाद संस्थानांत शेजारीं नांदल्या. पण त्यांपैकीं एकीनेंहि हा कीटक शेजाऱ्याच्या देशाचा म्हणून सांगितला नाहीं.

युरोपांत तसें झालें नाहीं. १७६७ सालीं लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें लहान, फिकट तपकिरी झुरळास ‘जर्मन’ हें विशेषण जोडलें. जर्मन लोक त्यासच रशियन म्हणत. रशियन लोक ‘प्रुसाक’, म्हणजे प्रशियाचें, म्हणत. मोठ्या तांबूस झुरळास त्यानेंच १७५८ मध्यें ‘अमेरिकन’ ठरविलें होतें. वस्तुतः तें मूळचें आफ्रिकेंतील, गलबतांतून अमेरिकेस पोहोंचलेलें. आपल्या घरांतील किडा प्रत्येकास परक्याचा वाटला.

मग हें ‘जर्मन’ झुरळ कोठलें? २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत १७ देशांतील २८१ झुरळांच्या आनुवंशिक द्रव्याची तपासणी करण्यांत आली. तींतून असें निघालें, कीं सुमारें २१०० वर्षांपूर्वीं भारतांत किंवा ब्रह्मदेशांत, उघड्यावर राहणाऱ्या आशियाई झुरळापासून हा वंश फुटला व मनुष्याच्या वस्तीस चिकटला. गोदातीरीं सातवाहनांची सत्ता उभी राहिली, ती साधारण याच युगांत. पुढें सुमारें १२०० वर्षांपूर्वीं तो पश्चिम आशियांत गेला, आणि युरोपांत शिरला तो अवघ्या २७० वर्षांपूर्वीं. म्हणजे ज्यास जर्मन म्हटलें, तें बहुधा आपल्याच आळींतलें निघालें!

ही केवळ गंमत नव्हे. किडा परका मानला, कीं दोष शेजारच्या भिंतीवर जातो आणि आपली मोरी ओलीच राहते. या झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांचा कोश पिलें निघण्याच्या सुमारापर्यंत अंगाशींच वागविते. एक मादी सुटली तरी घर पुन्हां भरतें. त्याच्या विष्ठेनें व टाकलेल्या कातीनें मुलांचा दमा बळावतो. म्हणून रात्रीं खरकटें झांकावें, मोरी कोरडी करावी, फडताळामागील भेगा बुजवाव्या. दोन हजार वर्षें माणसाच्या अन्नपाण्यावर पोसलेल्या या सोबत्याचें गोत्र कोणतेंहि असो, त्याचें बिऱ्हाड आपल्याच स्वयंपाकघरांत आहे.