सैल सुरांची शिस्त

जयपूर हे नाव मराठी रसिकाच्या कानावर पडले की त्याला गुलाबी भिंती किंवा हवामहाल आठवण्यापूर्वी एक गायकी आठवते. अल्लादियाखाँसाहेबांचा जन्म १८५५ साली जयपूर संस्थानच्या आश्रयाखालील उनियारा या लहानशा ठिकाणी झाला. १८९५ साली ते शाहू महाराजांच्या कोल्हापुरात स्थिरावले आणि त्यांच्यामुळे जयपूर-अत्रौली घराणे महाराष्ट्राच्या घरचे झाले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर ही नावे उच्चारली तरी अनवट राग, पेचदार ताना आणि वर्षानुवर्षांची मेहनत डोळ्यांसमोर उभी राहते.

याच जयपुरात १९९० साली जन्मलेला प्रतीक कुहाड हा गायक आज देशात आणि देशाबाहेर ऐकला जातो. त्याच्या गाण्यात तान नाही, गमक नाही, वरच्या षड्जाची झेपही नाही. हातात गिटार, गळ्यात शेजारी बसलेल्या मित्राशी बोलावा तसा आवाज, आणि शब्दांत रोजच्या सहवासातले सुखदुःख. त्याचे गाणे काटेकोरपणे रॉक संगीतात बसत नाही. लोकगीताच्या वळणाचे पाश्चात्त्य गीत आणि सैलसर, निवांत ‘इंडी रॉक’ यांच्या सीमेवर ते उभे आहे. एवढे सोपे वाटणारे गाणे कला या पदवीस पात्र आहे काय, असा प्रश्न जुन्या जयपूर गायकीवर पोसलेल्या कानाला पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर या संगीताचे कूळ आणि त्याचे संकेत समजून घ्यावयास हवेत.

‘इंडी’ हा ‘इंडिपेंडंट’ या शब्दाचा संक्षेप होय. आरंभी त्याचा अर्थ निव्वळ व्यवहाराचा होता. १९७७ साली मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या वाद्यवृंदाने उसने पैसे घेऊन ‘स्पायरल स्क्रॅच’ ही ध्वनिमुद्रिका स्वतःच काढली. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता गाणे लोकांपुढे ठेवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. १९८१ साली न्यूझीलंडमध्ये ‘फ्लाइंग नन’ ही छोटी संस्था निघाली आणि ड्यूनीडिनसारख्या दूरच्या शहरातील तरुणांची गाणी जगापुढे आली. अमेरिकेत १९८७ साली ‘गॅलेक्सी ५००’ आणि १९८९ साली कॅलिफोर्नियातील स्टॉकटन गावी ‘पेव्हमेंट’ हे वृंद जन्मास आले. ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ या न्यूयॉर्कच्या वृंदाने १९६९ सालच्या आपल्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत गोंगाट बाजूला सारून जो हळुवार स्वर लावला होता, त्याचे हे सारे वारसदार. पैशाच्या स्वातंत्र्यासाठी योजलेला शब्द अशा रीतीने हळूहळू एका ढंगाचे नाव होऊन बसला.

या ढंगाची लक्षणे कानाला सहज ओळखू येतात. लय बहुधा मध्यम असते. चालणारा माणूस घाईत नसावा, तशी. गिटारचा नाद स्वच्छ असतो, पण त्यावर थोडी प्रतिध्वनीची छाया किंवा पाण्यावरच्या प्रतिबिंबासारखी किंचित थरथर असते. दोन गिटारी असल्या तर एक स्वरसंगती धरून राहते व दुसरी मधूनमधून लहानसा स्वरसमूह गुंफते. ढोलवादक ठोका देतो तो नेमक्या क्षणी किंवा त्याच्या जरासा मागे. पुढे मात्र कधी नाही. या केसभर मागे राहण्यातच गाण्याचा निवांतपणा दडलेला असतो. गायक आवाज फेकीत नाही, जवळ आणतो. तारेवरून बोट सरकल्याचा कर्कर आवाज, श्वास घेतल्याची चाहूल, क्वचित किंचित उतरलेला सूर, हे सारे पुसून न टाकता तसेच राहू देण्याचा प्रघात आहे. कौशल्य अंगी असले तरी ते मिरवू नये, हा इथला शिष्टाचार. एकल वादनाचा तुकडा आला तरी तो गुणगुणता येईल इतकाच असतो.

हा शिष्टाचार कोणी सभा भरवून ठरविला नाही. त्याची कारणे बव्हंशी साधनांत आहेत. १९७९ साली ‘टॅस्कॅम’ या जपानी कंपनीने साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे पदर मुद्रित करणारे ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचे यंत्र बाजारात आणले. ज्या कामासाठी पूर्वी तासाच्या भाड्याने मोठी ध्वनिमुद्रणशाळा घ्यावी लागे, ते निजावयाच्या खोलीत होऊ लागले. ब्रूस स्प्रिंगस्टीनसारख्या ख्यातनाम गायकाची १९८२ सालची ‘नेब्रास्का’ ही ध्वनिमुद्रिका अशाच यंत्रावर घरी तयार झाली. पण घराच्या भिंती पातळ असतात आणि शेजारी झोपलेले असतात. तेथे ओरडता येत नाही. चारच पदर असल्याने वाद्यांची गर्दी करता येत नाही, आणि कॅसेटची फीत आपली अखंड खरखर सोडीत नाही. या अडचणींतून जो नाद निघाला, तोच पुढे या संगीताची खूण ठरला.

प्रतीक कुहाडवर ज्याचा प्रभाव सर्वांत ठळक आहे, तो अमेरिकन गायक एलियट स्मिथ याच खोलीतल्या परंपरेचा. १९९४ सालची ‘रोमन कँडल’ ही त्याची पहिली ध्वनिमुद्रिका घरगुती साधनांवर मुद्रित झाली. आपलाच आवाज दुसऱ्यांदा गाऊन पहिल्यावर बसविण्याची रीत त्याने आपलीशी केली होती. ऐकणाऱ्यास वाटते की कोणी सहज कुजबुजतो आहे; परंतु तोच शब्द, तोच श्वास, तेच लांबणे-आखडणे दोनदा जुळवावयाचे म्हणजे केवढे अवधान हवे! एका आवाजाचा सूर किंचित हलला तरी कुजबुज विस्कटते. सैलपणाच्या मागे उभी असलेली शिस्त ती हीच.

येथे जुन्या जयपूरची आठवण पुन्हा येणे स्वाभाविक आहे. आमलेटा येथे अति गावे लागल्यामुळे अल्लादियाखाँसाहेबांचा मूळचा आवाज गेला, ही कथा संगीतप्रेमी जाणतात. गेलेल्या गोड गळ्यासाठी खंत करीत न बसता जो आवाज उरला त्याला साजेल अशी वजनदार, वक्र आणि बुद्धिप्रधान गायकी त्यांनी घडविली. एका ठिकाणी गळ्याची मर्यादा, दुसऱ्या ठिकाणी भिंतीची आणि फितीची. फळे अगदी निराळी. पण मर्यादेतून शैली निर्माण होण्याची प्रक्रिया दोन्हीकडे एकच आहे.

मराठी श्रोत्याला हा अनुभव आणखी जवळचा असावयास हवा. संगीत नाटकाच्या काळात नटाला शेवटच्या रांगेपर्यंत आपला स्वर स्वतःच्या छातीच्या बळावर पोहोचवावा लागे. १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण आले, पाठोपाठ ध्वनिक्षेपक आणि आकाशवाणी आली, आणि हलक्या आवाजालाही सभेत स्थान मिळाले. ग. ना. जोशी, गजानन वाटवे यांच्या भावगीतांचे युग त्यातून उमलले. पुढे १९६० नंतरच्या काही वर्षांतच मंगेश पाडगावकर यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि अरुण दाते व सुधा मल्होत्रा यांचे स्वर घेऊन ‘शुक्रतारा’ घरोघरी पोहोचले. त्यातील मार्दवाला कोणी कष्टाचा अभाव म्हणणार नाही. खळ्यांच्या चाली किती अवघड, हे त्या गावयास बसल्यावर कळते.

जयपूरच्या राजदरबारात ‘गुणीजनखाना’ नावाचे स्वतंत्र खाते होते. गवई, बीनकार, नर्तकी यांना तेथून वेतन मिळे आणि विद्या पिढीजात चाले. आजच्या तरुणाला ना ते खाते, ना ते घराणे. कुहाड न्यूयॉर्कमध्ये गणित व अर्थशास्त्र शिकला आणि मग दिल्लीत येऊन गाऊ लागला. २०१३ साली ‘रात राज़ी’ हा हिंदी गीतांचा छोटा संच, २०१५ साली ‘इन टोकन्स अँड चार्म्स’ ही इंग्रजी ध्वनिमुद्रिका आणि २०१८ साली ‘कोल्ड/मेस’ असा त्याचा प्रवास झाला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बराक ओबामा यांनी २०१९ सालच्या आपल्या आवडत्या गीतांच्या यादीत ‘कोल्ड/मेस’ हे गीत घातले, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. त्याच्या हिंदी गीतांत चित्रपटसंगीतातील व्हायोलिनांचा ताफा नाही, तसाच प्रवाशांना अपेक्षित असलेला रावणहत्थ्याचा राजस्थानी रंगही नाही. काहींना ही उणीव वाटते. पण जयपूरच्या प्रत्येक मुलाने वाळवंटच गावे, असा आग्रह का धरावा? मोठ्या शहरातील एकटेपणा, दुरावलेले प्रेम, रात्री उशिरा सुचलेले शब्द हेही त्याच्या पिढीचे खरे जीवन आहे, आणि ते त्याने आपल्या भाषेत, हलक्या आवाजात मांडले.

खरी चिंता निराळीच आहे. ज्या मर्यादांतून ही शैली निर्माण झाली, त्या आता उरलेल्या नाहीत. साध्या संगणकावर शेकडो पदर मुद्रित होतात आणि आवाज आरशासारखा स्वच्छ करता येतो. तरीही कॅसेटची खरखर हवीशी वाटते, म्हणून ती संगणकाकडूनच मागवून घेतली जाते! कॅनडाच्या मॅक डिमार्को या गायकाने २०१२ ते २०१४ च्या दरम्यान डुलत्या, थरथरत्या गिटारीचा नाद लोकप्रिय केला आणि तसाच नाद काढणारे अनेक निघाले. अभ्यासासाठी, झोपेसाठी, चहाच्या वेळेसाठी अशा तयार गीतमालिका आज यंत्र आपण होऊन लावून देते. त्यांत ही गाणी पडद्यामागच्या वाऱ्यासारखी वाजत राहतात. त्यांना कोणी अडवीत नाही, आणि कोणी ऐकतही नाही. बंडातून जन्मलेला निवांतपणा अशा वेळी केवळ सजावट होण्याचा धोका असतो. घराण्यातही हेच घडते. गुरूचा आवाज बसका म्हणून शिष्याने आपला निरोगी गळा बसका करावा, असे प्रकार संगीताच्या इतिहासात थोडे नाहीत.

मग अस्सल आणि नक्कल यांचा निवाडा कसा करावा? उपाय साधा आहे. गाण्यावरची खरखर, प्रतिध्वनी आणि थरथर मनातल्या मनात उतरवून ठेवावी. एक गिटार आणि एक आवाज एवढेच उरल्यावर चाल उभी राहते काय, शब्दाला जाण्यासाठी ठिकाण आहे काय, हे पाहावे. उभी राहत असेल तर तो सैलपणा कलावंताने कमावलेला आहे; कोसळत असेल तर तो बाजारातून आणलेला आहे. कुहाडच्या गाण्यांपैकी जी चांगली आहेत ती या कसोटीला उतरतात. खोलीत रचलेले ते हलके सूर मैफलीत हजारो श्रोते त्याच्याबरोबर गातात, यालाही काही अर्थ आहे.

पेचदार तान ऐकताना मराठी श्रोता सावरून बसतो, कारण तिचे कष्ट समोर दिसतात. सैल सुरांचे कष्ट दिसत नाहीत. ते लपविणे हाच त्या कलेचा धर्म. म्हणून असले एखादे गाणे हाती लागले तर दुसरे काम बाजूला ठेवून ते एकदा शेवटपर्यंत ऐकावे. ढोलाचा ठोका कोठे मागे राहतो, आवाजाचे दोन पदर कोठे एक होतात, इकडे लक्ष द्यावे. जयपूर गायकीने आपल्याला जो चोखंदळ कान दिला, त्याचा जयपूरच्याच या नव्या गाण्यासाठी उपयोग व्हावा, हे उचितच होय.