बाळाचा पाण्यातला लंगोट



तान्ह्या बाळाच्या लंगोटावर रेडिओवरून भाषण म्हटले की कुणालाही हसू येईल. बाळोती धुता-वाळवता जिचा जन्म गेला ती आजीबाई तर म्हणेल, "अगं बाई, यात शिकवायचं ते काय?" पण आजचा लंगोट नेहमीचा नव्हे. पाण्यात उतरताना बाळाला घालायचा, धुऊन पुन्हा वापरायचा असा हा लंगोट आहे. आता तालुक्याच्या गावीही पोहण्याचे तलाव होत आहेत. मे महिन्यात लेक तान्ह्याला घेऊन माहेरी येते, मामा म्हणतो, "चला, बाळाला पाण्यात खेळवू." अशा वेळी हा लंगोट कसा निवडावा, आणि तो किती भरवशाचा, एवढे दोनच प्रश्न आज पाहू.

पहिली शंका ही, की बाजारात मिळणारा नेहमीचा डायपर का चालू नये? त्याच्या पोटात पाणी शोषून घेणारी पूड असते. बाळाची शू ती शोषते, हे खरे. पण तिला शू आणि तलावाचे पाणी यांतला फरक कळत नाही. पाण्यात उतरताच डायपर भोपळ्यासारखा फुगतो, जड होतो, खाली ओघळतो, आणि कधी फाटून आतला सारा लगदा पाण्यात पसरतो. आपला सुती लंगोटही पाण्यात भिजला की सैल पडतो. म्हणून पाण्यातला लंगोट वेगळ्या रीतीने बनवलेला असतो. तो काही शोषत नाही. बाहेरून घट्ट विणीचे, लवकर वाळणारे कापड, आत मऊ जाळीचे अस्तर, आणि कमरेला व दोन्ही मांड्यांना लवचीक पट्टी, अशी त्याची रचना. शीचा गोळा आत अडवायचा, एवढेच त्याचे काम.

शू तो अडवत नाही, हे ध्यानात ठेवा. घरूनच तो घालून एसटीत बसलात, तर मांडीवर घेणाऱ्या आत्याचे लुगडे भिजलेच म्हणून समजा! पाण्यात उतरायच्या वेळीच तो घालावा.

आता निवड. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची रीत आहे. झबले सैल असले तर बिघडत नाही. या लंगोटाच्या बाबतीत मात्र ती काटकसर अंगाशी येते. मांडीपाशी फट राहिली तर लंगोट घातला काय नि न घातला काय, सारखेच. बाळाचे वजन, कमरेचा घेर आणि मांडीचा घेर ही तिन्ही मापे घेऊन दुकानात जावे. घातल्यावर बाळाला बसवून पाहावे, पाय हलवू द्यावेत. पट्टी अंगाला सगळीकडून टेकलेली हवी, पण कातडीत रुतता कामा नये.

दुसरी गोष्ट, बाजूंनी बटणे असलेला लंगोट बरा. बाळाने आत शी केली आणि लंगोट चड्डीसारखा पायांतून ओढून काढावा लागला, तर टाचेपर्यंत सारे माखते. बाजूची बटणे उघडली की तो पुढून-मागून अलगद सुटतो. तिसरी गोष्ट, लंगोट दोन असावेत, म्हणजे एक अंगावर आणि एक कोरडा पिशवीत. धुताना शी आधी संडासात टाकावी, लंगोट लगेच वाहत्या पाण्याखाली खळबळून साबणाने धुवावा आणि वाळवावा. उकळत्या पाण्यात टाकू नये, त्याने लवचीक पट्टी ढिली पडते. नंतर आपले हात साबणाने धुवायला विसरू नये.

इथवर झाली लंगोटाची गोष्ट. आता मुद्द्याचे बोलते.

"आईच्या दुधावरचं लेकरू, त्याच्या शीला कसला आलाय विटाळ?" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. माया म्हणून ते ठीक, पण ते खरे नव्हे. बाळाच्या शीतूनही रोगाचे जंतू बाहेर पडतात. लहान मुलांना जुलाब करणारा रोटा नावाचा विषाणू आजारी बाळाच्या शीत अगणित संख्येने असतो, आणि दुसऱ्या मुलाला आजारी पाडायला त्यातले थोडेसे पुरतात. पोलिओचा विषाणूही याच वाटेने पसरत असे. घरोघरी थेंब पाजून तो हटवला, आणि २०१४ साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. रोटाची लसही २०१६ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. ती सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात. ती चुकवू नका.

मग लंगोट हे जंतू अडवतो का? गुरुजनांनी वर्गात एक सोपा प्रयोग करून पाहावा. मूठभर माती घट्ट विणीच्या फडक्यात बांधा आणि ती पुरचुंडी स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात बुडवून हलवा. मातीचा गोळा फडक्यातच राहील, पण पाणी गढूळ होईल. लंगोटाचे नेमके तसेच आहे. गोळा आत राहतो, जंतू पाण्याबरोबर बाहेर येतात. पोरांना हे एकदा डोळ्यांनी दिसले की ती घरी जाऊन आईला सांगतील.

आता तुम्ही म्हणाल, तलावात क्लोरीन असते, विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतात, मग भीती कसली? क्लोरीनने पुष्कळसे जंतू काही मिनिटांत मरतात, हे खरे. पण जुलाब करणारा क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म जीव क्लोरीनच्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक जगू शकतो. शिवाय पाण्यात घाण मिसळली की क्लोरीन तिच्यातच खर्ची पडते.

म्हणून चार नियम सांगते. जुलाब होत असलेल्या बाळाला पाण्यात नेऊ नये, आणि जुलाब थांबल्यावरही काही दिवस थांबावे. पाण्यात उतरवण्यापूर्वी बाळाचा पार्श्वभाग साबणाने धुवावा. दर अर्ध्या-पाऊण तासाने बाळाला बाहेर काढून लंगोट पाहावा आणि बदलायचा तो काठापासून दूर बदलावा. आणि चौथा नियम, लंगोट बाळाला तरंगवत नाही. मोठ्या माणसाचा हात सतत बाळाजवळ असावा.

आणि ज्या विहिरीचे, आडाचे पाणी गाव पिते, तिथे लंगोट घालूनही बाळाला उतरवू नका. बाळोतीही त्या काठावर धुऊ नका. ते पाणी झिरपून पुन्हा आतच जाते. तान्ह्याला पाण्याची हौस असेल तर अंगणात घंगाळ भरा, कोमट पाणी घाला, आणि खुशाल डुंबू द्या. तिथे लंगोटाचीही गरज नाही. शी झालीच तर पाणी ओतून द्यावे, घंगाळ घासून टाकावे, झाले! घंगाळ आपल्या एका घराचे असते, विहीर साऱ्या गावाची.

तेव्हा मापाचा, बाजूला बटणे असलेला लंगोट जरूर घ्या. पण त्याच्यावर विसंबून पाण्याची काळजी सोडू नका. आपल्या बाळाला जपताना शेजारच्या बाळाचे पाणीही जपायचे आहे, एवढे ध्यानात ठेवा.