मतलई वाऱ्याची वाट

मुंबई ते कोची हे समुद्रमार्गे अंतर सुमारे पावणेसहाशे सागरी मैल आहे. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. आमच्या बत्तीस फुटी शिडाच्या होडीतून आम्ही तिघे जानेवारीत कोचीला गेलो आणि परतही आलो. तिघे म्हणजे मी, माझी पत्नी आणि तिचा धाकटा भाऊ. जायला सोळा दिवस लागले, यायला चौतीस. होडी तीच, अंतरही तेच, मग यायला दुप्पट दिवस का, असे पुष्कळांनी विचारले. त्याचेच उत्तर आज द्यायचे आहे.

खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेच्या भूगोलात वाचलेले असतात. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते. तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो, तो खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. तो मतलई. हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दुपारचा वारा वायव्येकडून येतो. दक्षिणेला जाताना तो पाठीशी असतो. दुपारी शिडे उभारावीत, संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकावा, रात्री शांत झोपावे. जयगड, विजयदुर्ग, मालवण असे मुक्काम करत आम्ही गेलो. निवतीच्या समुद्रातल्या खडकांवरचे दीपगृह मागे पडले तेव्हा कोकण संपत आल्याची जाणीव झाली.

परतताना तोच वारा समोरून येतो. वाऱ्याच्या थेट तोंडावर कोणतीच शिडाची होडी चालत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून तिरपे जायचे, मग वळून दुसऱ्या बाजूला तिरपे जायचे. दहा मैल पुढे सरकायला निदान चौदा मैल कापावे लागतात, तेही लाटांचे तडाखे खात. म्हणून उत्तरेकडे यायचे ते रात्री. मध्यरात्रीनंतर मतलई सुटतो, तो उजव्या कुशीवर घ्यायचा आणि सकाळी तो पडेपर्यंत मिळतील तेवढे मैल पदरात पाडून घ्यायचे. दुपारी खाडीत थांबायचे. आम्ही यात नवे काही शोधले नाही. कौले, मीठ, नारळ वाहणाऱ्या फत्तेमाऱ्या आणि मचवे याच वाऱ्यांच्या वेळा सांभाळून हा किनारा वर-खाली करत.

पण मतलई किनाऱ्यापासून थोड्याच मैलांपर्यंत पोचतो. तो हवा तर किनारा सोडता येत नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या प्रवासातली संकटे फार मोठी. तरी मोकळ्या महासागरात मैलोन् मैल आपटायला काही नसते. किनाऱ्यालगत मात्र खडक, उथळ पाणी आणि जाळी सदैव जवळ असतात. आम्ही तीन तासांची पाळी लावली होती. एकाने सुकाणूवर बसायचे, दोघांनी झोपायचे. कागदावर प्रत्येकाला सहा तास झोप मिळत होती. प्रत्यक्षात शिडे बदलायला किंवा जाळे चुकवायला दुसऱ्याला उठवावेच लागे.

मच्छीमार जाळी टाकून बसलेला असेल तर शिडाच्या होडीने त्याला वाट द्यायची, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. रात्री जाळ्याचे टोक दिसत नाही. आम्ही जवळ आलो की त्यांच्यातला कोणी बॅटरीचा झोत पाण्यावर फिरवून जाळे कुठवर आहे ते दाखवी. आम्ही वळसा घेतला की झोत विझे. आमची नावे त्यांना माहीत नव्हती, त्यांची आम्हाला.

परतीच्या सत्ताविसाव्या रात्री आम्ही हर्णै मागे टाकून केळशीच्या समोर होतो. हिवाळ्यात उत्तरेकडे हवामान बिघडले की अरबी समुद्रावर वायव्येचा वारा अधूनमधून जोर धरतो आणि दोन-तीन दिवस हटत नाही. दुसऱ्या दिवशी वारा वाढेल असा अंदाज होता. तो रात्री साडेबारालाच आला. मतलई गायब झाला आणि लाटा समोरून आदळू लागल्या. माझ्या मेव्हण्याला आदल्या दुपारपासून समुद्र लागला होता. प्यायलेले पाणीही पोटात राहत नव्हते. ओठ सुकले होते, बोलणे मंद झाले होते.

"भावोजी, बाणकोटात शिरू या," तो म्हणाला. सावित्रीचे मुख पुढे थोड्याच मैलांवर होते. पत्नीने भरतीचे कोष्टक काढले. ओहोटी चालू होती. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो. ओहोटीचे पाणी बाहेर येते, लाटा आत येतात आणि दोघांची टक्कर त्या दांड्यावर होते. आमच्या होडीला तरंगायला पाच फूट पाणी लागते. "दिवसा लाटा कुठे फुटताहेत ते दिसेल," ती म्हणाली, "अंधारात मी तिथे नेणार नाही." हर्णैला सुवर्णदुर्गाजवळ खडक आणि नांगरलेल्या होड्यांची दाटी. तिसरा मार्ग एकच होता. मागे फिरून जयगड गाठायचे, म्हणजे दोन रात्रींत मिळवलेले मैल परत द्यायचे.

मेव्हणा काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई म्हणते तसं करा."

होडी वळवली आणि दोन मिनिटांत सगळे बदलले. तोच वारा पाठीशी आला, आदळणे थांबले. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पत्नी त्याला चमच्याचमच्याने पाजत होती. पहिले काही घोट उलटले, पुढचे टिकले. पहाटे जयगडचे दीपगृह दिसले. उजाडल्यावर आम्ही शास्त्रीच्या खाडीत शिरलो. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावले. तिथे आम्ही तीन दिवस थांबलो. चौथ्या रात्री मतलई पुन्हा सुटला. निघायची घाई सर्वांत जास्त मेव्हण्यालाच होती.

किनाऱ्याने प्रवास म्हणजे सुरक्षित प्रवास, असे वाटणे साहजिक आहे, जमीन डोळ्यांसमोर असते ना! पण थकलेल्या माणसाला ती जमीनच अवेळी बोलावते. म्हणून निघण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवून ठेवाव्यात: कोणत्या खाडीत कोणत्या भरतीला शिरता येईल, आणि नाही शिरता आले तर मागे कुठे जायचे. शिवाय हवामानखात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज ऐकावा. बिनतारी संचाची सोळा क्रमांकाची वाहिनी चालू ठेवावी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरच्यांनाही माहीत असावा. जीवरक्षक जाकीट रात्री अंगावर हवे, आणि पाळीवरच्या माणसाने स्वतःला दोरीने होडीशी बांधून घ्यावे.

यायला लागलेल्या चौतीस दिवसांपैकी बरेच आम्ही खाड्यांमध्ये वारा पडण्याची किंवा सुटण्याची वाट पाहण्यात घालवले. त्या दिवसांत शिडे शिवली, कपडे वाळवले, बंदरावरच्या वृद्ध तांडेलांशी गप्पा मारल्या. ते दिवस आम्ही वाया गेले असे मोजत नाही. तिघेही धडधाकट परत आलो ते त्याच दिवसांमुळे.